मराठी माध्यमाच्या मुलांना 'अ लिटल प्रिन्सेस' शिकवायचीय, सुचवा

निशिगंध: रविवारी दादरला सहावी-सातवीच्या मुलांचा वाचनवर्ग घेते. यंदा फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची 'अ लिटल प्रिन्सेस' (1905) ही कादंबरी घ्यायचीय. लंडनच्या निवासी शाळेतल्या श्रीमंत साराचे बाबा वारतात, तिचं सगळं जातं, माळ्यावर राहून मोलकरणीसारखं राबावं लागतं, तरी ती कल्पनेच्या जोरावर आतून ताठ राहते, ते मुलांना जाणवायला हवं. प्रत्येकी दीडशेच्या वर नको. कुठली प्रत घेऊ, सुरुवात कुठून करू?

चकली: माझ्याकडे हार्डबाउंड आहे, रंगीत चित्रं, कागद तर काय सांगू! दोन हजारांना पडली. तीच घ्या, स्वस्तातलं नको.

सोलापुरी: ऑनलाइन घेताना जपून. मी लेकीसाठी मागवली ती संक्षिप्त निघाली, कव्हरवर तसं कुठेही नाही, माळ्यावरचा उंदीरच गायब! आणि विक्रेता परत घेईना.

पडदा: 1995 चा सिनेमा दाखवा, एका रविवारात काम होतं.

वाचनवेडा: अहो, सिनेमात गोष्ट न्यूयॉर्कला नेलीय आणि वडील जिवंत सापडतात. पुस्तकात कॅप्टन क्रू जातात ते जातातच.

पडदा: मुलांना रडवायचंच का पण? माझ्या भाच्याला जाम आवडला.

मास्तरीण: मी वर्गात शिकवलीय. तेराव्या प्रकरणापासून घ्या. सारा उपाशी, चिखलात चार पेन्सचं नाणं सापडतं, तर आधी बेकरीवाल्या बाईला विचारते तुमचं पडलं का. चार बन मागते, बाई सहा देते, त्यातले पाच ती पायरीवरच्या भिकारी मुलीला देते. चौथा ठेवताना हात थरथरतो, तरी पाचवा ठेवते. तिथे थांबा आणि हात का थरथरला ते मुलांना विचारा, चांगुलपणावर भाषण नको.

वाचनवेडा: आणि शेजारच्या घरातला भारतीय नोकर रामदास? सारखा सलाम करणारा दाखवलाय, त्यावरही बोला.

चकली: बनचं मीही तेच सांगणार होते, माझ्या प्रतीत चित्र आहे त्याचं.

निशिगंध: आभार सगळ्यांचे. प्रत कुणालाच घ्यायला लावत नाहीये. प्रताधिकार संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर पूर्ण कादंबरी फुकट आहे, मीच मराठीत सांगत वाचेन. आणि मास्तरीणताई, बनचा प्रसंग त्याच्या जागीच येऊ दे. पहिल्या पानावर सात वर्षांची सारा मुंबईहून बोटीने येऊन लंडनच्या धुक्यात बाबांना टेकून गाडीत बसलीय, आमच्या मुलांना तेच जवळचं. अकराव्या वाढदिवसाला बाबा गेल्याची बातमी येईपर्यंत तिची बाहुली, कपडे, लाड सगळं सावकाश वाचणार, नाहीतर माळ्यावर गेल्यावर काय गेलं ते कळणारच नाही.