मज्जारज्जूची दुखापत आणि इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर: याला उपचार म्हणायचं का?

निरंजनी: मज्जारज्जूला इजा झालेला माणूस घरात असला की कोणी ना कोणी सांगतंच, सुयांतून करंट देऊन बघा, पाय हलतील. माझा याला विरोध आहे. इजेनंतर स्पायनल शॉक (इजेखालचं मज्जारज्जूचं काम काही काळ बंद पडणं) ओसरतो, सूज उतरते आणि इजा अर्धवट असेल तर काही ताकद आपसूक परत येते. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या वर्षातच पडतो. सुयाही त्याच काळात लागतात. अंगठा हलला की श्रेय सुयांना, आणि नाही हलला तर "उशिरा आलात" हे ठरलेलं उत्तर.

उंबरठा: तुलनेचा गट ठेवूनही अभ्यास झालाय. तैवानमधल्या २००३ च्या चाचणीत ताज्या, गंभीर इजेचे १०० रुग्ण होते. उपचार मिळालेल्या गटाची संवेदना आणि हालचाल, दोन्हींचे गुण जास्त सुधारले. हे सरळ बाजूला सारायचं?

निरंजनी: ती चाचणी नीट वाचा. करंट सुयांतून नव्हताच, त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून हाता-पायाच्या बिंदूंना दिला होता. शिवाय कानाचं अ‍ॅक्युपंक्चरही सोबत केलं होतं. मग फरक नेमका कशाने पडला? आणि १९९८ च्या एका आढाव्यात चीनमधून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली होती. एकही चाचणी फसत नाही म्हटल्यावर शंका येणारच.

कवडसा: हा काटेकोरपणा सगळ्यांना लावा ना मग. १९९० च्या एका चाचणीवर विसंबून मज्जारज्जूच्या ताज्या इजेत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे भले मोठे डोस जगभर वर्षानुवर्षं दिले गेले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन संघटनांनीच ते देऊ नका म्हटलं, जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचे धोके दाखवून. त्यापुढे सुई किती निरुपद्रवी! आणि वेदनेचं काय? २ हर्ट्झच्या करंटला एन्केफेलिन, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं, सुटतात, हे बीजिंगच्या हान जीशेंग यांच्या प्रयोगांतून पुढे आलंय. पाय नसतील चालत, पण रात्रभर पाय जळल्यासारखे होतात त्या रुग्णाला झोप लागली तर ते थोडं आहे का?

निरंजनी: थोडं अजिबात नाही. वेदनेसाठी म्हणून, तसं स्पष्ट सांगून कोणी देत असेल तर माझी हरकत नाही. पण "निरुपद्रवी" मला मान्य नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर खालच्या अंगाला बसलेल्या टोचणीने बीपी एकदम चढू शकतं, यालाच ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. माझ्या भावाला एका केंद्रात करंट चालू असतानाच चेहऱ्यावर लाली, कपाळावर घाम आणि डोकं फुटेल असा ठणका सुरू झाला. "औषध लागू पडतंय," केंद्रातले म्हणाले! सुया मी भांडून काढायला लावल्या, त्याला उठवून बसवलं, लघवीची नळी मुडपलीय का ते पाहिलं. पाठीच्या कण्याचे रुग्ण घेणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

उंबरठा: हे भयंकर आहे. पण हा देणाऱ्याचा अडाणीपणा, पद्धतीचा दोष नाही. पुनर्वसन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, फिजिओथेरपी चालू ठेवून घ्यायला काय हरकत?

निरंजनी: फिजिओ खरंच चालू राहत असेल तर. मी पाहिलेल्या घरांत पैसा आणि ताकद दोन्ही सुयांकडे वळतात, आणि बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलणं, वेळच्या वेळी कॅथेटर हे मागे पडतं. तरीही जायचंच असेल तर आधी विचारा: बीपी कितीदा मोजणार? संवेदना नसलेल्या त्वचेवर चटका बसला तर कळणार कसं? पेसमेकर आहे का, हे तरी विचारतात का? आणि किती आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही तर थांबवणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.