लघुग्रहाची टक्केवारी रोज जाहीर करायची गरज काय?

टपरीवाला: २०२४ वायआर४ हा लघुग्रह आठवतोय? २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला, तोही पृथ्वीजवळून गेल्यावर दोन दिवसांनी. मग २०३२ ला आदळायची शक्यता जानेवारीअखेर १ टक्क्यावर, १८ फेब्रुवारीला ३.१ आणि पुढच्या आठवड्यात जवळपास शून्य. मधल्या काळात धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आदळलाच तर जिथे पडू शकतो त्या भागात, मुंबई पण आहे म्हणून नुसता धुरळा. माझं मत, कक्षा पक्की होईपर्यंत आकडे आपसातच ठेवावेत.

खगोलवेडी: आपसात म्हणजे कोणात हो? ॲटलास आकाशाच्या एका भागाचे तासाभरात चार फोटो घेते, तारे जागच्या जागी आणि एक ठिपका सरकलेला, बस एवढंच हातात असतं. त्यावरून कक्षा पक्की होत नाही, पुढच्या रात्री दुसऱ्या कुणीतरी तोच ठिपका पकडावा लागतो, म्हणून मायनर प्लॅनेट सेंटर (जगभरातली लघुग्रहांची मापं गोळा करणारी संस्था) निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली ठेवतं आणि हौशी लोकपण मापं पाठवतात. झाकणार काय आणि कसं?

साधा_माणूस: निरीक्षणं ठेवा की खुली, टक्के कशाला? आकडा वाढतोय म्हणजे दगड आपल्याकडेच येतोय असंच लोकांना वाटणार ना.

खगोलवेडी: अहो तो वाढणारच होता. २०३२ ला तो नेमका कुठे असेल याचा अंदाज म्हणजे एक लांबलचक पट्टा, त्यात पृथ्वी एवढीशी. नवीन मापं आली की पट्टा आखडतो, पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा वाढतो, बाहेर पडली की आकडा धाडकन खाली. अपोफिस नावाचा लघुग्रह पण २००४ ला २.७ टक्क्यांपर्यंत गेलेला, आता २०२९ ला ३२,००० किमीवरून निघून जाणार.

टपरीवाला: हे एका तरी बातमीच्या मथळ्यात होतं का? १ टक्क्याला अधिकृत इशारा द्यायचा नियम आहे म्हणे, तो ५ वर न्या. सात वर्षांनंतरच्या १ टक्क्यासाठी आज कोण काय करणार?

खगोलवेडी: दुर्बिणीचा वेळ मागणार! दगड लांब जात फिकट होत चाललेला, अवकाशातल्या वेब दुर्बिणीचा तातडीचा वेळ मिळाला म्हणून साधारण ६० मीटरचा आहे हे तरी कळलं. २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड जेमतेम २० मीटरचा होता, सूर्याच्या बाजूने आला, कुणाला पत्ता नाही आणि हजारावर माणसं जखमी, बहुतेक काचा लागून. आणि ५ ची वाट बघत बसला असता तर हा ३.१ च्या वर गेलाच नाही.

टपरीवाला: तेच तर म्हणतोय, मग बिघडलं काय असतं?