इम्युनोथेरपी चालू असताना प्रोबायोटिक द्यावं का?

रामबागची सून, इंदूर:
सासऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) चालू आहे. नणंदबाईंनी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल आणल्यात. पोटातले जिवाणू सुधारले की औषध लागू पडतं, म्हणतात. बाबा सकाळी शेव घालून पोहे खातात, दुपारी मऊ भात. भाजी ताटात तशीच राहते. मला फार काळजी वाटते. देऊ का कॅप्सूल?

उत्तर १:
वहिनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२१ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या, रुग्णांचा अभ्यास आला. दिवसाला निदान २० ग्रॅम तंतू (भाजी-डाळीतलं फायबर) पोटात जाणाऱ्यांचा आजार इम्युनोथेरपीवर जास्त काळ आटोक्यात राहिला. दुकानातल्या प्रोबायोटिकने रुग्णांना ठळक फायदा दिसला नाही. उंदरांत तर उपचाराचा परिणाम कमी झाला. बाबांचा आजार वेगळा, तेव्हा हे जसंच्या तसं लावू नका. पण तंतू हे जिवाणूंचं अन्न, त्यातून ते ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यावर पोसलं जातं. आणि सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक मुळीच आणू नका, त्याने पोटातले हे जिवाणूही मरतात.

उत्तर २:
आईच्या आजारपणात आम्ही भाजी वरणातच शिजवायचो. दुधी, पालक, सालीची मूगडाळ. ताटात वेगळी दिसली नाही की खाल्ली जायची. तंतू हळूहळू वाढवा, पाणीही. जुलाब लागले तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इम्युनोथेरपीच्या औषधांनी आतड्याला सूज येऊ शकते.

रामबागची सून:
कॅप्सूल पुढच्या तपासणीला घेऊन जाते. नणंदबाईंना हे वाचून दाखवते. आज वरणात दुधी घातलाय.