जुना लेथ टेपर मारतोय, कुठून सुरुवात करू? (मदत हवी आहे)

खटपट्या_कोल्हापूर: साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) भंगारवाल्याकडनं उचललाय, दोन महिने घासून पुसून रंग मारला, सगळं झालं आणि आता जॉब (कापायचा तुकडा) काढला तर टेपर येतोय ०.०८ मिमी, म्हणजे एक टोक जाड, एक बारीक. जिब (सरकत्या भागाची ढिलाई काढायची पट्टी) टाइट करून बघितली, काही फरक नाही. अलाइनमेंट कशी तपासायची ते लवकर सांगा, रविवारच्या आत पाहिजे.

टर्नर_मामा: ०.०८ किती लांबीत? चकाकडं (जॉब पकडणारा पंजा) जाड का टेलस्टॉककडं (दुसऱ्या टोकाचा सरकता आधार)? सेंटर (टोकदार टेकू) लावून काढला का नुसता चकात धरून?

इचलकरंजीकर: टेलस्टॉक सरकलाय. बाजूचे दोन स्क्रू आहेत, एक ढिला करा, दुसरा आवळा. पाच मिनिटांचं काम.

खटपट्या_कोल्हापूर: अहो टेलस्टॉक लावलेलाच नाही!! नुसता चकात, ३० चा बार, बाहेर १५० निघालेला. चकाकडं जाड.

इचलकरंजीकर: मग हे आधी लिहायचं ना राव.

टर्नर_मामा: बार वाकला असता तर मोकळं टोक जाड आलं असतं. तुमचं उलटं आहे, म्हणजे बार दाबला जातोय हे कारण नाही.

भोसरी_७२: हेडस्टॉक (चक फिरवणारा डोक्याकडचा भाग) फिरलाय. खालचे बोल्ट ढिले करा आणि टोकाला हलकी हातोडी मारून आणा. मी असे तीन लेथ लावलेत.

लेव्हलवाला: हेडस्टॉकला कुणी हात लावू नका!!! आधी बेडचा (खालचा लांब पाया, ज्यावर सगळं सरकतं) पीळ काढा. ०.०२ ची (एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिमी) स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवायची, एकदा चकाजवळ, एकदा शेपटाकडं. दोन्हीकडं बुडबुडा सारखा पाहिजे. मशीन कशावर उभं आहे?

खटपट्या_कोल्हापूर: शहाबादी फरशीवर. लेव्हल आहे पण गवंड्याची.

लेव्हलवाला: 🙏 ती भिंतीला ठेवा.

सुनीता_के: बेडला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल वापरा, साधं इंजिन ऑइल नको. आमच्या बाबांच्या वर्कशॉपात हाच नियम होता.

जुनंसोनं: पाटी आहे का मशीनवर? किर्लोस्कर असेल तर विकू नका.

खटपट्या_कोल्हापूर: पाटी नाही. विकायचा विषय कुठून आला?

जुनंसोनं: आपल्याकडं किर्लोस्कर म्हटलं की सगळ्यांना किर्लोस्करवाडीच आठवते, १९१० ची, पण म्हैसूर किर्लोस्कर हरिहरची, १९४१ ची. त्या लेथचं बीड (ओतीव लोखंड) वेगळंच हो.

खटपट्या_कोल्हापूर: मित्राच्या कंपनीतनं खरी लेव्हल आणली. शेपटाकडं तीन रेघा फरक आहे. सापडलं का?

लेव्हलवाला: सांगितलं होतं ना!

टर्नर_मामा: थांबा जरा, हिशोब करू. तीन रेघा म्हणजे मीटरला ०.०६. बेडच्या वर सेंटर २०० धरलं तर टूल आडवं सरकणार ०.०१२, तेही अख्ख्या बेडभर. तुमच्या १५० मध्ये मायक्रॉन दीड मायक्रॉन. पीळ काढा, काढलाच पाहिजे, पण ०.०८ त्यातनं येत नाही.

भोसरी_७२: म्हणजे हेडस्टॉकच.

टर्नर_मामा: तेही आत्ताच म्हणू नका. ५०० चा बार दोन सेंटरमध्ये धरून हलका कट मारा, टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोकं सारखी करा, मग दर ५० वर मायक्रोमीटर लावा. सेंटरमध्ये धरला की हेडस्टॉकचं तोंड कुठं आहे याचा संबंध राहत नाही. बार सरळ आला तर दोष हेडस्टॉकचा, मधेच जाड बारीक झाला तर बेडचा. आणि मॅग्नेट बेस टेलस्टॉकच्या पायावर लावून डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) सॅडलच्या (टूल घेऊन सरकणारा भाग) व्हीवर, म्हणजे तो ज्या उंच धारेवर सरकतो तिच्यावर, फिरवा, टेलस्टॉकची वाट चकाजवळ सहसा झिजत नाही.

खटपट्या_कोल्हापूर: बार मधे जाड बारीकच आला, फोटो नंतर टाकतो. पुढच्या व्हीवर चकाजवळ डायल ०.०६ पडला, १५० पुढं गेलं की शून्य. मागं जेमतेम ०.०१. पण ०.०६ नं टूल खाली गेलं तर एवढा टेपर कसा?

टर्नर_मामा: नुसतं खाली गेल्यानं काहीच होत नाही. पुढं मागं पेक्षा ०.०५ जास्त झिजलं, म्हणून सॅडल तुमच्याकडं कलतं आणि टूल जॉबपासनं मागं येतं. पुढची व्ही ते मागची सपाट पट्टी २८० असेल तर ०.०५ गुणिले २०० भागिले २८०, साधारण ०.०३६. व्यासात दुप्पट, ०.०७. तुमचे ०.०८ जवळपास सापडले.

भोसरी_७२: मग बेड ग्राइंडिंगला पाठवा, विषय संपला.

लेव्हलवाला: आणि ग्राइंडिंगनं सॅडल खाली गेलं की लीड स्क्रू आणि रॅकचं (सॅडल चालवणारे भाग) काय, उंची जुळणार का? खाली टर्साईट (घसरती प्लास्टिक पट्टी) चिकटवून उचलावं लागतं, खर्च सांगा की त्यांना.

इचलकरंजीकर: टेलस्टॉकचं सेंटर बघून घ्या, वर ०.०४ पर्यंत चालतं, खाली असेल तर शिम (पातळ पत्रा) घाला.

खटपट्या_कोल्हापूर: काका, ग्राइंडिंग बजेटमध्ये नाही. छोटा जॉब चकापासनं लांब धरून काढला तर चालेल का तेवढं सांगा.

सुनीता_के: मोटर सिंगल फेज आहे का?