पाळकांनी चर्चची मंडळी सोडून परदेशी शिकवायला जावं का?

शेवटचा_बाक (धागा सुरू करणारा)

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, तीन महिन्यांनी ते निरोप घेणार. परदेशातल्या एका सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, शिकवायला त्यांची नेमणूक झाली आहे. अकरा वर्षं ते आमच्यात आहेत. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा त्यांनी केला आणि वडिलांच्या शेवटच्या रात्री पहाटेपर्यंत उशाशी बसून स्तोत्रं त्यांनीच वाचली.

जाणं पाप आहे असं मी म्हणत नाही. मला सलते ती पद्धत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनासुद्धा आदल्या दिवशीच कळलं. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये अंत्युखिया शहरातल्या मंडळीत काय घडलं? उपास चालू होता, प्रार्थना चालू होती, तेव्हा बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करण्याची आज्ञा झाली, मग आशीर्वादासाठी हात ठेवून त्यांना पाठवलं. आमच्याकडे नेमणुकीचं पत्र आधी आलं आणि ‘प्रार्थना करा’ हे नंतर. देवाचं बोलावणं एकट्या माणसाने ऐकायचं आणि बाकीच्यांना फक्त कळवायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मोहरी_दाणा

तुमचं दुःख समजतं, पण मत पटलं नाही. पाळक मंडळीच्या मालकीचे नसतात. बायबलातलं 2 तीमथ्य 2:2 वाचा: जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील. चांगला शिक्षक वर्षाला पंधरा पाळक घडवत असेल, तर त्या पंधरा मंडळ्यांच्या उपदेशात त्याचा वाटा असतो.

इंग्रज मिशनरी विल्यम केरींचंच बघा. ते इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हार्वे लेन मंडळीचे पाळक होते. 1793 मध्ये ती सोडून बंगालला गेले. 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1811 मध्ये मराठी नवा करार आला, 1818 मध्ये सहकारी मार्शमन आणि वॉर्ड यांच्यासोबत त्यांनी सेरामपूर कॉलेज सुरू केलं. त्या मंडळीने ‘आमचे पाळक आम्हालाच हवेत’ म्हणून धरून ठेवलं असतं तर?

तेलवात

मोहरी_दाणा, केरींची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्यांचे मित्र अँड्र्यू फुलर इंग्लंडमध्ये केटरिंगलाच राहिले. 1792 पासून, केरींना पाठवणाऱ्या मिशनरी सोसायटीचे सचिव म्हणून गावोगाव फिरून निधी जमवायचे, आणि 1815 मध्ये वारले तोवर केटरिंगचे पाळकही होते. मागे उभं राहणारं कोणी नसतं तर केरी कशाच्या बळावर टिकले असते? पाळक चार्ल्स सिमियन केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये 1782 पासून 1836 पर्यंत, म्हणजे 54 वर्षं राहिले. पहिली काही वर्षं लोक स्वतःच्या बाकांना कुलपं लावून त्यांना विरोध करत होते, तरी ते हलले नाहीत. आणि विद्यार्थी तर त्यांनीही घडवले, मंडळीतच राहून.

325 सालच्या, नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा पंधरावा नियम सांगतो की बिशप, वडील, डीकन यांनी एका शहरातून दुसऱ्या शहरात बदलून जाऊ नये. मंडळ्यांत त्यामुळे किती खळबळ माजते हे त्या लोकांनी पाहिलं होतं.

आणि पंधरा पाळकांचा हिशेब मला मुळातच मान्य नाही. येशूच्या दाखल्यातला, 99 मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे जाणारा मेंढपाळ कोणत्या हिशेबात बसतो?

मोहरी_दाणा

नायसियाचा तो नियम एक मंडळी सोडून दुसरी बळकावण्याविरुद्ध आहे. सेमिनरी म्हणजे दुसरी मंडळी नव्हे. आणि शेवटचा_बाक, कृत्ये 13 मध्ये नावं आहेत ती पाच संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची. सगळ्या मंडळीचं मत घेतलं असं तिथे लिहिलेलं नाही.

वहीतली_खूण

मी अशाच एका सेमिनरीत शिकलो. आमचे दोन शिक्षक प्रकांड पंडित होते, पण त्यांनी मंडळी कधी सांभाळली नव्हती. तिसरे अठरा वर्षं पाळक राहून आले होते. शोकाचं स्तोत्र 88 शिकवताना त्यांनी पुस्तक मिटलं आणि मूल गेलेल्या आईच्या घरी पहिल्यांदा गेले होते ते सांगितलं. काय बोलले, काय बोलायला नको होतं, दारातून बाहेर पडताना कसं वाटलं. तो तास मी अजून वापरतो. अगदी परवा वापरला.

असे शिक्षक कुठल्या तरी मंडळीचं नुकसान झाल्याशिवाय मिळत नाहीत. हे क्रूर वाटेल, पण खरं आहे. मात्र कुठून कुठे जाणं होतंय हेही बघा. जिथे शिक्षकांची रांग लागलेली आहे तिथे आणखी एक जाणं निराळं, आणि एका पाळकाकडे सहा-सात मंडळ्या आहेत, शिक्षण कोणालाच नाही, तिथे जाणं निराळं.

पंच_होतो

आमच्याकडे हे होऊन गेलं. नवे पाळक मिळेपर्यंत चौदा महिने गेले. उपदेशाला पाहुणे मिळाले, ते अवघड नव्हतं. घरभेटी थांबल्या. अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) पोचेना. ज्या जोडप्यांचं समुपदेशन चालू होतं त्यांतलं एक तुटलं. नावांची यादी सोपवता येते. विश्वासाने कानात सांगितलेलं दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, द्यायचंही नसतं. तीन महिने फार कमी आहेत. वर्षातून दोन-तीन आठवड्यांचा सलग अभ्यासक्रम घ्यायला जाण्याची सोय कित्येक सेमिनऱ्यांत असते. तुमच्या पाळकांना कोणी हे सुचवलं का?

पाळकाची_मुलगी

आधी का सांगितलं नाही, हे सगळे विचारताहेत. माझ्या बाबांनी आधी सांगितलं होतं. नेमणूक झाली नाही. पुढची दोन वर्षं मंडळी त्यांच्याकडे ‘मन उडालेला माणूस’ म्हणून बघत होती. इमारतीची दुरुस्ती सुचवली तर लोक म्हणायचे, तुम्ही थोडेच राहणार आहात. आईने तर रविवारी पुढच्या ओळीत बसणं सोडलं. आधी सांगण्याची किंमत पाळकाचं घर भरतं. मी असते तर मीही गप्प राहिले असते.

शेवटचा_बाक

पाळकाची_मुलगी, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. सगळ्या मंडळीला सांगायला हवं होतं, हे मी मागे घेतो. दोन-तीन वडीलधाऱ्यांना सांगता आलं असतं, हे मात्र मागे घेत नाही. आणि मोहरी_दाणा, कृत्ये 14:27 ही वाचा. परतल्यावर पौल-बर्णबांनी सगळ्या मंडळीला जमवून हकिकत सांगितली. ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडेच माणूस असा परत येतो.

काल पाळकसाहेबांना भेटून आलो. कृत्ये 20 मधला पौलाचा मिलेत शहरातला निरोप त्यांनीच काढला. इफिसचे वडील पौलाच्या गळ्यात पडून रडले, तो भाग. म्हणाले, “तीन वर्षं अश्रू गाळून शिकवलं असं पौल म्हणू शकला. मी म्हणू शकेन का, याच भीतीने मी कोणाशी बोललो नाही.” पंचांना सांगायला हवं होतं, हे त्यांनी मान्य केलं. मुदत तीनाची सहा महिने करता येईल का, ते सेमिनरीला विचारणार आहेत. शुक्रवारी उपास-प्रार्थना ठेवली आहे.

माझा राग गेलेला नाही. शुक्रवारी जाणार आहे, आणि हात ठेवायला पुढे बोलावलं तर पुढेही जाईन.

तेलवात

जा. माझं मत तेच आहे, त्यांनी राहायला हवं होतं. पण शुक्रवारी मीही उपास धरतो.