‘गार्ड’ हे पदनाम काढून टाकणे योग्य होते का?

आडवाट :
जानेवारी २०२२ मध्ये भारतीय रेल्वेने ‘गार्ड’ या पदाचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले. सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरीही गार्डच म्हणवला जातो आणि त्यातून गैरसमज होतो, हे त्यामागचे कारण मला लंगडे वाटते. हा शब्द मूळचा जर्मानिक कुळातला. तो फ्रँक लोकांच्या बोलीतून फ्रेंचमध्ये शिरला, तिथे आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ झाला, आणि पुढे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचे भावंड ‘वॉर्ड’ तिथे आधीपासूनच नांदत होते. लक्ष ठेवणे, राखणे हाच दोघांचा गाभा आहे. हे काम गार्डकडून काढून घेतलेले नसताना नाव का काढून घ्यावे?

सांजवेळ :
असहमत. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू लागलो, तर ‘लॉर्ड’ या शब्दाचे काय करायचे? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पावाचा राखणदार’ असा होता. १७८४ मध्ये ब्रिस्टल ते लंडन टपालगाडी सुरू झाली. अशा गाड्यांवरचा गार्ड तोंडाशी रुंद नळीची बंदूक घेऊन टपाल राखत असे, त्यामुळे त्याला ते नाव शोभत होते. आगगाडीने ते वारशाने घेतले, बंदूक मात्र मागेच राहिली. आज हा माणूस ब्रेक तपासतो, वेळांची नोंद ठेवतो, मुंबईच्या लोकलमध्ये दोन बेल देऊन मोटरमनला गाडी काढायला सांगतो. याला व्यवस्थापनच म्हणतात.

आडवाट :
बंदूक गेली, राखण गेली नाही. दोन स्थानकांच्या मध्येच गाडी अडकली आणि बराच वेळ हलण्याची चिन्हे नसली, तर नियमाप्रमाणे गार्ड मागे चालत जाऊन ब्रॉडगेज रुळावर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर, सुमारे दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन डेटोनेटर लावतो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटून चालक सावध होतो. रेल्वेच्या नियमावलीत या कामाला ‘प्रोटेक्शन’ असेच म्हटले आहे. रात्री, पावसात, हातात दिवा घेऊन एकट्याने करायच्या या कामाला ‘मॅनेजर’ शब्द कसा पुरेल?

सांजवेळ :
ते काम क्वचित करावे लागते आणि पदनाम रोजच्या कामावरून ठरते. शिवाय नाव बदलण्याची मागणी कर्मचाऱ्यांचीच होती. ज्याला ते नाव छातीवर लावायचे, त्याचे मत शब्दकोशापेक्षा वरचे मानावे लागेल.

तिसरी घंटा :
मान्य, पण त्याच आदेशात वेतनस्तर, भरतीची पद्धत आणि जबाबदाऱ्या पूर्वीप्रमाणेच राहतील असेही स्पष्ट केले होते. ‘मॅनेजर’ म्हणवणाऱ्याच्या पगारात त्या नावाने एक रुपयाही वाढला नाही, याबद्दल मात्र इथे कोणीच बोलले नाही.