मदत हवी आहे: चक्रीवादळाच्या बुलेटिनमधले वाऱ्याचे आकडे नकाशावर कसे मांडायचे?

नमस्कार मंडळी. मामांची होडी हर्णै बंदरात असते. वादळाची चाहूल लागली की होड्या आंजर्ले खाडीत कधी आणायच्या, हा घोर सगळ्यांनाच असतो.

हवामान खात्याच्या नकाशावरचा शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठे जाऊ शकतं ते सांगतो. वारा कुठवर पोचेल ते त्यावरून कळत नाही, आणि बंदरावर नेमका हाच गैरसमज होतो. 2020 चं निसर्ग थेट रायगडात धडकलं. 2021 चं तौक्ते मात्र किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गुजरातेत गेलं, तरी कोकणाला झोडपलंच. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी, म्हणजे सहसा जास्त जोराची बाजू आपल्याकडे असते.

बुलेटिनमध्ये 28, 34, 50 आणि 64 नॉटचे (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) वारे केंद्रापासून चारही दिशांना किती लांबवर आहेत, ते दिलेलं असतं. हे आकडे मोबाईलवरच्या नकाशावर मांडायची सोपी पद्धत कोणाला माहीत आहे का? शिवाय केंद्राचा अंदाज चुकू शकतो, ती तफावत या अंतरात कशी धरायची? बंदरावर काम केलेल्यांनी किंवा हवामानशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. मोसम जवळ आलाय.